दोघांची बेरीज

टोकियोच्या वायव्येस, साईतामा प्रांतातील कावागोए शहराजवळ कासुमिगासेकी कंट्री क्लब आहे. १९२९ साली सुरू झालेल्या या क्लबच्या मैदानावर, अलीकडचे नूतनीकरण होईपर्यंत, एका होलला एक नव्हे तर दोन ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीचे बारीक कापलेल्या गवताचे पट्टे, असत. जपानचा दमट उन्हाळा आणि बोचरा हिवाळा एकाच जातीच्या गवताला मानवत नाही, म्हणून उन्हाळ्यासाठी कोराई नावाच्या जाड, राठ पात्याच्या गवताचे एक ग्रीन आणि थंडीसाठी बेंट गवताचे दुसरे, अशी सोय तेथील जुन्या क्लबांनी करून ठेवली होती. कोराई गवत ज्या दिशेला झुकलेले असेल त्या दिशेला ते चेंडूला हळूच ओढून नेते. ही ओढ हातात मुरण्यासाठी त्या गवतावर वर्षे घालवावी लागतात.

१९५७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात तीस देशांचे साठ व्यावसायिक गोल्फपटू येथे आले, तेव्हा त्यांच्यापैकी फार थोड्यांनी ती वर्षे घातलेली होती.

स्पर्धेचे नाव होते कॅनडा कप. नाव कॅनडाचे असले तरी कल्पना एका अमेरिकी उद्योगपतीची होती. जॉन जे हॉपकिन्स हे जनरल डायनॅमिक्स या कंपनीचे प्रमुख होते. अणुशक्तीवर चालणारी जगातील पहिली पाणबुडी, ‘नॉटिलस’, याच कंपनीने बांधली. माँट्रिऑलमधील कॅनडेअर ही विमाने बनविणारी कंपनीही हॉपकिन्स यांच्याच उद्योगसमूहात होती आणि म्हणून १९५३ साली पहिली स्पर्धा माँट्रिऑलच्या बीकन्सफील्ड क्लबवर झाली. युद्धसाहित्य विकून मोठ्या झालेल्या माणसाने गोल्फमधून राष्ट्राराष्ट्रांत सद्भाव निर्माण करण्याचे ठरवावे, याचे त्या काळात कोणाला फारसे नवल वाटलेले दिसत नाही. आज वाटते.

हॉपकिन्स यांनी घातलेला नियम साधा होता. प्रत्येक देशाने दोन खेळाडू पाठवायचे, दोघांनी आपापला चेंडू खेळायचा, आणि अखेरीस दोघांच्या फटक्यांची बेरीज करायची. ज्याची बेरीज सर्वांत लहान, तो देश विजेता. पहिल्या वर्षी केवळ सात जोड्या आल्या आणि छत्तीस होल खेळले गेले. जिंकले अर्जेंटिनाचे अँतोनियो सेर्दा आणि रोबेर्तो दे विसेन्झो. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसन आणि केल नेगल यांनी चषक नेला. हेच थॉमसन पुढे आशियातील स्पर्धांची साखळी उभी करण्यासाठी झटले आणि १९६४ साली कोलकात्याच्या रॉयल कॅलकटा क्लबवर झालेल्या पहिल्या इंडियन ओपनचे विजेतेही तेच ठरले. भारतातील व्यावसायिक गोल्फचा एक धागा असा या जोडीच्या स्पर्धेतील माणसापर्यंत पोहोचतो.

कासुमिगासेकीला ही स्पर्धा आली, त्यामागे मात्सुतारो शोरिकी यांचे नाव घ्यावे लागते. योमिउरी या वृत्तपत्राचे मालक, जपानमधील व्यावसायिक बेसबॉलचे जनक मानले जाणारे आणि देशाच्या अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष असलेले शोरिकी यांनीच १९५५ साली हॉपकिन्स यांना शांततेसाठी अणुशक्ती या विषयावर बोलण्यासाठी जपानमध्ये आणले होते. हिरोशिमा आणि नागासाकीला तेव्हा दहा वर्षे झाली होती. त्या ओळखीतून पुढे ही गोल्फची स्पर्धाही आली, आणि शोरिकी यांच्याच निप्पॉन टेलिव्हिजनने ती प्रक्षेपित केली. हॉपकिन्स यांना मात्र ती पाहता आली नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले.

अमेरिकेच्या वतीने सॅम स्नीड आणि जिमी डेमारेट उतरले होते. मागच्या वर्षी इंग्लंडमधील वेंटवर्थ येथे स्नीड यांनी बेन होगन यांच्या साथीने हा चषक जिंकला होता. डेमारेट यांच्या नावावर मास्टर्स या अमेरिकेतील मानाच्या स्पर्धेची तीन विजेतेपदे होती. दक्षिण आफ्रिकेचा तरुण गॅरी प्लेयर आला होता. त्यांच्यासमोर यजमानांची जोडी होती तोराकिची नाकामुरा आणि कोइची ओनो यांची. जपानबाहेर ही नावे फारशी कोणाला ठाऊक नव्हती.

चार दिवसांनंतर नाकामुरा यांचे एकूण फटके झाले २७४. त्यांच्यामागे स्नीड, प्लेयर आणि वेल्सचे डेव्ह थॉमस हे तिघे २८१ वर थांबले. दोघांच्या बेरजेत जपानने अमेरिकेला नऊ फटक्यांनी मागे टाकले. कोराईच्या ग्रीनवर पाहुण्यांचे चेंडू कडेवरून वळून जात असताना नाकामुरा यांचे पटिंग, म्हणजे ग्रीनवरून चेंडू खड्ड्यात ढकलणे, मात्र घरच्या अंगणात चालावे तसे चालले होते. यावरून ही गवताची कमाई, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यात तथ्यही आहे. मात्र घरचे गवत जपानच्या वाट्याला आले तसे पुढे अनेक यजमानांच्या वाट्याला आले, आणि त्यांतील बहुतेकांना त्याचा उपयोग करता आला नाही.

युद्धात हरलेल्या देशाने, पराभवानंतर बारा वर्षांनी, जेत्यांच्याच खेळात जेत्यांना हरविले होते, आणि ते दूरचित्रवाणीवर दिसले होते. जपानमध्ये गोल्फचे जे वेड पुढे पसरले, त्याची सुरुवात अनेकजण या आठवड्यापासून मोजतात. पुढच्या वर्षी नाकामुरा यांना मास्टर्सचे निमंत्रण आले.

एक तपशील येथे नोंदवायला हवा. नाकामुरांचे जोडीदार कोइची ओनो यांचा जन्म चीनमधील दालियनचा, मूळ नाव चिनी. जपानचे नागरिकत्व त्यांनी नंतर घेतले होते. राष्ट्राच्या नावाने खेळणाऱ्या जोडीतील राष्ट्र म्हणजे नेमके काय, हा प्रश्न या स्पर्धेला असा सुरुवातीपासूनच चिकटलेला आहे. ब्रिटनसारखा देश येथे ब्रिटन म्हणून कधी उतरलाच नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स आपापल्या जोड्या पाठवीत राहिले. आयर्लंड मात्र उलट एकच. उत्तर आयर्लंडचे रोरी मॅकिलरॉय आणि ग्रॅम मॅकडॉवेल येथे आयर्लंडच्याच नावाने खेळले.

१९६७ साली कॅनडा कपचे नाव बदलून विश्वचषक झाले. तोवर अमेरिकेचा दबदबा पक्का झाला होता. आजवर या देशाने चोवीस वेळा चषक जिंकला आहे. त्यानंतरच्या ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्या नावावर प्रत्येकी पाच विजय आहेत. १९६२ साली यूएस ओपनच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडविण्यासाठीच्या जादा खेळात, आर्नल्ड पामर यांना हरवून जॅक निकलस यांनी त्यांचे सिंहासन हलविले होते. पुढच्याच वर्षी पॅरिसजवळ, धुक्यामुळे त्रेसष्ट होलवर आटोपलेल्या स्पर्धेत, हे दोघे एकाच बेरजेसाठी खेळत होते. या जोडीने चार वेळा चषक नेला. प्रतिस्पर्ध्याचा फटका चांगला बसावा अशी इच्छा करण्याची वेळ त्यांच्यावर अन्यत्र क्वचितच आली असेल.

असे असले तरी या स्पर्धेची खरी गंमत अमेरिकेच्या यादीत नाही. संघाला अकरा किंवा पंधरा माणसे लागत असती, तर मोठ्या देशापुढे छोट्या देशाचे काही चालले नसते. येथे दोनच लागतात, आणि दोन चांगले गोल्फपटू कोणत्याही देशात एकाच वेळी जन्माला येऊ शकतात. संयुक्त राष्ट्रांतील जागा गमावल्यानंतर साधारण वर्षभराने, १९७२ साली, तैवानच्या श्ये मिन-नान आणि लू लियांग-हुआन यांनी मेलबर्नला चषक उचलला. १९८७ साली हवाईतील कापालुआ येथे वेल्सचे इयन वूसनम आणि डेव्हिड ल्यूएलिन यांनी सँडी लाइल आणि सॅम टॉरन्स यांच्या स्कॉटलंडला प्लेऑफमध्ये नमविले. २००९ साली चीनमधील मिशन हिल्सला इटलीचे एदोआर्दो आणि फ्रान्चेस्को मोलिनारी हे सख्खे भाऊ जिंकले, तेही आयर्लंड आणि स्वीडन यांना एका फटक्याने मागे ठेवून. याच काळात मिशन हिल्सच्या त्या मैदानावर जीव मिल्खा सिंग आणि ज्योती रंधावा ही भारताची जोडीही उतरली होती.

मोलिनारी बंधूंनी जिंकलेली स्पर्धा मात्र नाकामुरा-ओनो यांची स्पर्धा राहिलेली नव्हती. २००० सालापासून बेरजेचा नियम गेला आणि त्याच्या जागी दोन वेगळे प्रकार आले. फोरबॉलमध्ये दोघे आपापला चेंडू खेळतात आणि प्रत्येक होलला त्यांतील चांगला आकडा मोजला जातो. एक घसरला तर दुसरा सावरतो. फोरसम्समध्ये दोघांत मिळून एकच चेंडू असतो आणि फटके आळीपाळीने मारायचे असतात. जोडीदाराने चेंडू वाळूत घातला, तर वाळूतून तो बाहेर काढायचा तुम्ही, आणि तुम्ही केलेल्या चुकीची शिक्षा पुन्हा त्याला. चेंडू कोणाच्या सवयीचा घ्यायचा येथपासून चर्चा सुरू होते, कारण व्यावसायिकांच्या हाताला चेंडूतील लहानसा फरकही जाणवतो. आपल्याकडे मेंढीकोट खेळताना समोरच्या जोडीदाराने चुकीचे पान टाकल्यावर जो चेहरा होतो, तोच चेहरा फोरसम्समध्ये करता येत नाही. पुढचा फटका त्यालाच मारायचा असतो.

माझ्या मते फोरसम्स हा जोडीच्या स्पर्धेचा सर्वांत प्रामाणिक प्रकार आहे. तरीही जुन्या बेरजेत एक वेगळाच ताण होता, तो त्यात नाही. दोघे मैदानावर स्वतंत्र चेंडू खेळत, एकमेकांना काहीही मदत करू शकत नसत आणि तरीही एकाचा प्रत्येक फटका दुसऱ्याच्या खात्यात जमा होत असे. १९९६ साली केपटाउनजवळ एर्नी एल्स आणि वेन वेस्टनर यांनी दक्षिण आफ्रिकेला तब्बल अठरा फटक्यांनी जिंकून दिले, ते याच पद्धतीने.

दुसऱ्याच्या हाताचा परिणाम काय होतो, हे पहिल्या विजेत्यांपैकी रोबेर्तो दे विसेन्झो यांच्याइतके कोणी भोगले नसेल. १९६८ च्या मास्टर्समध्ये त्यांचे गुणपत्रक लिहिणाऱ्या सहखेळाडूने सतराव्या होलला तीनऐवजी चार हा आकडा लिहिला, दे विसेन्झो यांनी न तपासता त्यावर सही केली, आणि नियमाप्रमाणे तो वाढीव फटका कायम राहून प्लेऑफची संधी हुकली. दोन वर्षांनी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ब्युनोस आयर्सला झालेल्या विश्वचषकात सर्वांत कमी फटक्यांच्या खेळाडूचा वैयक्तिक करंडक मात्र त्यांनीच मिळविला.

नवे शतक या स्पर्धेला मानवले नाही. टायगर वुड्स १९९९ ते २००१ अशी तीन वर्षे खेळले, त्यांतील दोनदा जिंकले आणि नंतर फिरकले नाहीत. वर्षभराच्या वेळापत्रकात अधिक पैसे देणाऱ्या स्पर्धा गर्दी करीत होत्या. दरवर्षी होणारा विश्वचषक एक वर्षाआड होऊ लागला. २०१३ साली तर ऑलिंपिकच्या धर्तीवर तो मुख्यतः वैयक्तिक स्पर्धा म्हणून खेळविण्यात आला आणि ऐंशी लाख डॉलरच्या बक्षिसांपैकी सत्तर लाख एकेकट्या खेळाडूंसाठी राखून ठेवले गेले. त्या वेळी विजेत्या ठरलेल्या जेसन डे याचे फिलिपिन्समधील आठ नातेवाईक काही दिवसांपूर्वीच्या वादळात दगावले होते. त्याने ॲडम स्कॉटच्या साथीने देशाचा चषकही जिंकला, पण मथळे झाले ते एकट्याचे.

२०१६ साली पुन्हा जोड्या आल्या. २०१८ साली मेलबर्नच्या मेट्रोपॉलिटन क्लबवर बेल्जियमचे थॉमस पीटर्स आणि थॉमस डेट्री, अमेरिकेतील एकाच विद्यापीठातून एकत्र खेळलेले दोन मित्र, तीन फटक्यांच्या फरकाने जिंकले. त्यानंतर ही स्पर्धा झालेली नाही.

कासुमिगासेकीचे मैदान मात्र पुन्हा जगाला दिसले. टोकियो ऑलिंपिकचे गोल्फ, महामारीमुळे वर्षभर उशिरा, २०२१ साली येथेच झाले. दोन ग्रीनची पद्धत आता गेली होती आणि मैदानाच्या कडेला प्रेक्षक नव्हते. भारताकडून पुरुषांत पुण्याचा उदयन माने आणि पुण्यातच जन्मलेला अनिर्बन लाहिरी असे दोघे उतरले. प्रत्येकाचे कार्ड स्वतंत्र होते आणि त्यांची बेरीज कोणी केली नाही. महिलांमध्ये अदिती अशोक चौथी आली, पदकापासून एका फटक्यावर.

पुरुषांचे रौप्य रोरी सबातिनी याने मिळविले. २००३ साली दक्षिण आफ्रिकेला विश्वचषक जिंकून देणाऱ्या जोडीतील हा खेळाडू आता स्लोव्हाकियाच्या नावाने खेळत होता आणि शेवटच्या दिवशी त्याने ६१ फटक्यांत फेरी पूर्ण केली. कांस्यपदकासाठी सात जण प्लेऑफमध्ये गेले. त्यात यजमानांचा हिदेकी मात्सुयामाही होता, पण पदक तैवानच्या सी. टी. पॅन याच्या हाती लागले. सबातिनीची बॅग त्या आठवड्यात त्याच्या पत्नीने वाहिली होती, आणि पॅनची त्याच्या पत्नीने.