शेजारच्या खाटेपर्यंत

(दृश्य : कुलूपबंद घरे, रस्त्यावर उभा ट्रक, त्यात रचलेली भांडी आणि अंथरुणे)

दसरा उलटला की खानदेशातल्या नवापूर तालुक्यातील पाड्यापाड्यांवर घरांना कुलपे दिसू लागतात. दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीसाठी माणसे नेणारे ट्रक येऊन उभे राहतात, नवरा-बायकोच्या जोडीचा मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल पावसाळ्यातच खर्चून गेलेली असल्यामुळे घरी कोण अंथरुणाला खिळले आहे हे पाहून मागे थांबणे बहुतेकांना परवडत नाही. उन्हाळा लागेपर्यंत पाडा म्हाताऱ्या माणसांच्या आणि लहान मुलांच्या स्वाधीन असतो. आपण ज्या घरात जाणार आहोत, तेथील दोन्ही मुलगे आणि सुना अशाच एका ट्रकने गेले आहेत. मागे राहिल्या आहेत त्यांच्या आई, म्हणजे आपल्या आजी. पडून खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांना खाटेवरून उठता येत नाही.

त्यांच्याकडे रोज येणारी बाई नात्याने त्यांची कोणी लागत नाही. पाड्यावर सगळे तिला मावशी म्हणतात, आणि या चित्रफितीत आम्हीही त्यांना मावशीच म्हणणार आहोत. मावशी ख्रिस्ती आहेत. आजींच्या घरात भिंतीवर आदिवासींची देवी याहामोगी मातेची तसबीर आहे. ती जशी होती तशीच आहे, आणि तिच्याविषयी मावशींनी आजवर एकदाही विषय काढलेला नाही, असे आजींनीच आम्हांला सांगितले.

(दृश्य : पहाट, कणगीजवळ ठेवलेली बॅटरी, उघडी वही)

मावशींचा दिवस कोंबडा आरवण्याआधी सुरू होतो. प्रार्थना करताना आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे, असे येशूने शिष्यांना सांगितल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. मावशींच्या घराला वेगळी खोली नाही. धान्याची कणगी आणि कुडाची भिंत यांच्यामध्ये एका माणसाला गुडघे टेकता येतील एवढी जागा आहे, तीच त्यांची खोली होय. त्यांची प्रार्थना आम्ही बाहेरून, त्यांच्या परवानगीने चित्रित केली; तिचा आवाज मात्र ठेवलेला नाही. मावची बोली आणि मराठी यांची सरमिसळ असलेले ते बोलणे ज्याच्याशी चालले होते, त्याच्यासाठीच ते राहावे, असे आम्हांला वाटले.

पडद्यावर दिसते आहे ती शाळेत वापरतात तसली दोनशे पानी वही आहे. तिच्यात नावे आहेत, आणि ती आम्ही मुद्दाम पुसट केली आहेत. कोण कोणत्या कारखान्यावर गेले, कोणाची सून दिवसांत आहे, कोणाचा ताप उतरत नाही, असे प्रत्येक नावापुढे एका ओळीत लिहिलेले आहे. रोज सकाळी एक पान उघडायचे आणि त्या पानावरच्या प्रत्येकाचे नाव घेऊन देवापुढे बसायचे, हा मावशींचा नेम आहे. त्यात एक नाव पलीकडच्या घरातील मुलाचे आहे. त्याला सिकलसेल आहे. भिल्ल, पावरा, मावची या समाजांत हा आजार पुष्कळ आढळतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातापायांत असह्य कळा येतात. त्या मुलासाठी प्रार्थना करून मावशी उठतात आणि त्याच सकाळी त्याच्या घरी जाऊन माठात पाणी आहे ना, रात्री अंगावर पांघरूण होते ना, आशाताईंनी दिलेल्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्या संपल्या तर नाहीत ना, हे पाहून येतात. पाणी कमी पडले किंवा थंडी बाधली की या मुलांचे दुखणे उसळते, हे त्यांना ठाऊक आहे. वहीत नाव लिहिले म्हणजे त्या घराचा उंबरठा ओलांडणे आलेच, असे त्या धरून चालतात. ही वही आणि हा उंबरठा यांच्यामधले अंतर किती कमी आहे, हेच आम्हांला या चित्रफितीत दाखवायचे आहे.

(दृश्य : आजींची खाट, जर्मनच्या पातेल्यात कोमट पाणी, मावशींचे हात)

हे दृश्य आम्ही कापले नाही, कारण हे काम घाईने होत नाही. आधी मावशी कोपर पाण्यात बुडवून पाणी सोसेल इतकेच गरम आहे ना, हे पाहतात. जुन्या सुती लुगड्याचे तुकडे उकळून वाळवून ठेवलेले आहेत. एक तोंडासाठी, एक अंगासाठी, एक पायांसाठी, आणि ते एकमेकांत मिसळू दिले जात नाहीत. अंग पुसताना जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा केला जातो, बाकी सर्व झाकलेले असते. खाटेवरच्या माणसालाही लाज असते, आणि ती राखली जाते आहे हे आजींच्या चेहऱ्यावर आपण पाहू शकता. त्यानंतर पाय. बोटांच्या बेचक्यांत ओल राहिली तर कातडी सोलते, म्हणून प्रत्येक बेचके वेगळे कोरडे केले जाते. टाचांना खोबरेल लावले जाते. पोटऱ्यांखाली गोधडीची घडी अशी सरकवली जाते की टाच खाटेला टेकत नाही, कारण सतत दाब पडणाऱ्या जागेचे रक्त अडते आणि तेथे चिघळणारी जखम होते. पाठीची, माकडहाडाची आणि खुब्याची जागा रोज उजेडात पाहिली जाते; कातडी लालसर दिसली की त्या कुशीवर पुन्हा निजवायचे नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची आहे, आणि मावशी शेतावर असतील तेव्हा हे काम करायला आजींची दहा वर्षांची नात शिकली आहे. पेज भरवताना पाठीमागे उशी लावून डोके उंच केले जाते आणि एक घोट गिळून झाल्याशिवाय दुसरा चमचा पुढे केला जात नाही.

मावशी हे कोठे शिकल्या? चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय 1942 पासून या आदिवासी भागात आहे. मावशींचे यजमान तेथे भरती होते तेव्हा खाटेशेजारी बसून, परिचारिकांच्या हातांकडे पाहून त्या हे शिकल्या. यजमान राहिले नाहीत.

येशूने सांगितलेली शोमरोनी माणसाची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे. ती ऐकताना आपण बहुधा दयेवर थांबतो आणि कामाचा तपशील विसरतो. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकलेल्या माणसापाशी तो शोमरोनी थांबला, तेल आणि द्राक्षारस ओतून त्याने जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेऊन रात्र त्याच्याजवळ काढली, आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार देऊन, अधिक लागले तर परत येताना देईन, असे सांगितले. येशूचे ऐकणारे यहुदी होते, आणि यहुदी व शोमरोनी या दोन समाजांत पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर होते. ‘माझा शेजारी कोण’ असे विचारणाऱ्या शास्त्र्याला येशूने ही गोष्ट सांगितली. प्रीती किती तपशिलाने करायची असते, हे तिच्यात ओळीओळीने लिहिलेले आहे. खाटेजवळचे हे पातेले आणि या चिंध्या त्याच गोष्टीतल्या आहेत, असे आम्ही मानतो.

(दृश्य : रविवार, पत्र्याचे प्रार्थनाघर, ढोलकी, पेटी, टाळ)

रविवारी मंडळी जमते. गायिल्या जाणाऱ्या गीतांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते असतात. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्तभक्ती अभंगाच्या चालीवर, टाळांच्या नादावर आणली. म्हणून या पाड्यावरही ती परकी वाटत नाही. टिळकांचा खानदेशाशी आलेला एक संबंध येथे सांगायलाच हवा. धरणगावी 1890 मध्ये जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. पुढे हे तरुण कवी अहमदनगरला टिळकांच्या घरी घरच्या मुलासारखे राहिले आणि लक्ष्मीबाई टिळकांनी त्यांच्यावर आईची माया केली. त्या घराने त्यांना जेवू घातले, त्यांचे हट्ट पुरवले, त्यांची कविता ऐकली; ते हिंदू होते आणि हिंदूच राहिले. 1918 मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात ते गेले. दार उघडे ठेवणाऱ्या ख्रिस्ती घराचे याहून सुंदर उदाहरण महाराष्ट्रात शोधावे लागेल.

उपासनेनंतर पंगत आहे. भात आणि उडदाचे वरण तयार आहे, पाने मांडलेली आहेत, आणि तरीही कोणी बसत नाही, हे आपण पाहत आहात. तुरीच्या शेतावर रोजाने गेलेली माणसे अजून यायची आहेत. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील तेरावा अध्याय आपल्याकडे लग्नांत आवडीने वाचला जातो. प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, अपकार मोजत बसत नाही, असे त्यात आहे. ज्या मंडळीला ते पत्र गेले ती मात्र गटागटांत फुटलेली होती, आणि प्रभूभोजनासाठी, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायच्या भोजनासाठी, जमल्यावर तेथे काहीजण आधीच जेवून तृप्त होत आणि काहीजण उपाशी राहत. पौलाने त्यांना एकमेकांसाठी थांबा असे सांगितले, आणि त्याच पत्रात थोड्या पुढे प्रीतीचा अध्याय आला. या पाड्यावरची मंडळी थांबते. पाळकही रांगेत उभे आहेत. शेवटची दोन माणसे चिखलाच्या पायांनी आली, त्यांनी हातपाय धुतले, आणि मग पंगत बसली.

(दृश्य : शेताचा बांध, वहीचे पहिले पान)

वहीच्या पहिल्या पानावरचे पहिले नाव मावशींच्या दिरांचे आहे. या बांधावरून दोन घरांत वाद झाला, तलाठ्याकडे मोजणीचे कागद गेले, आणि त्यानंतर येणे-जाणे बंद झाले. वेदीपाशी अर्पण आणले असता भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असा येशूचा शब्द आहे. हाताखालच्या आजारी माणसाची सेवा करणे अवघड असते, पण ज्याने आपल्याला दुखावले त्याचे नाव रोज पहाटे सर्वांत आधी घेणे त्याहून अवघड आहे, आणि मावशींच्या भक्तीची खरी कसोटी आम्हांला या पानावर दिसली. कापणी झाल्यावर त्या भाताने भरलेले सूप घेऊन दिरांच्या दारी गेल्या. तेथे काय बोलणे झाले ते चित्रित झालेले नाही. बांध आहे तेथेच आहे. दीर आता येतात.

(दृश्य : आजींचे अंगण, गुजरातकडे जाणारी रेल्वे)

होळीच्या आधी आजी गेल्या. मुलगे आले, त्यांच्या रीतीप्रमाणे सर्व विधी झाले, आणि उचल फिटायची असल्याने ते लगेच परतले. अखेरपर्यंत आजींच्या पाठीला जखम झाली नव्हती.

यंदा पुन्हा ट्रक आले. या वेळी पाड्यावर दोन माणसे खाटेवर आहेत. मावशींनी चार घरांत वार वाटून दिले आहेत. त्यांतली दोन घरे ख्रिस्ती आहेत, एक आजींच्या नातीचे आहे, आणि गुरुवारचे पाणी दिरांच्या घरून येते. मुलीला कूस बदलायची रीत येत असल्याने बाकीच्यांना तीच शिकवते आहे.