यकृत, गंधक आणि एक तुटपुंजं अमिनो आम्ल

श्रोतेहो, नमस्कार.

यकृत ‘साफ’ करणाऱ्या गोळ्यांच्या डब्यांवर हल्ली ग्लुटाथायोन हे नाव हमखास दिसतं. नाव खोटं नाही. यकृताच्या पेशींचा हा मुख्य रक्षकच आहे. पण तो तीन अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांची, इवलीशी साखळी आहे: ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसीन. गिळलेल्या साखळीचे आतड्यातच बरेचसे तुकडे पडतात. यकृताचं त्यावाचून अडत नाही, कारण ही साखळी ते स्वतःच जोडतं. अडतं ते सिस्टीनपाशी. बाकीची दोन सहसा हाताशी असतात, सिस्टीन मात्र तुटपुंजं.

आणि नेमकं त्याच्याच टोकाला खरं हत्यार आहे: गंधक आणि हायड्रोजनची जोडी. पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार झालं, की ग्लुटाथायोनचे दोन रेणू आपापला हायड्रोजन देऊन टाकतात. पेरॉक्साइडचं पाणी होतं, आणि ते दोन रेणू गंधकाला गंधक भिडवून एकमेकांना चिकटतात. मग एक एन्झाइम त्यांना सोडवून पुन्हा कामाला जुंपतं.

प्रत्येक वेळी मात्र असं परत मिळत नाही. पॅरासिटामॉलचंच बघा. या औषधाचा बहुतेक भाग निमूटपणे लघवीवाटे जातो. थोड्या भागाचं यकृतात एक जहाल रसायन बनतं. ग्लुटाथायोन त्याला स्वतः चिकटतं आणि त्याच्यासकट शरीराबाहेर जातं, म्हणजे तो रेणू कायमचा खर्ची पडतो. औषध प्रमाणात असेल तर भरपाई होत राहते. जास्त झालं तर साठा आटतो आणि ते रसायन पेशीच्या प्रथिनांवर तुटून पडतं. उपासमार आणि रोजचं मद्य असेल तर धोका वाढतो: पहिल्यात साठा आधीच कमी, दुसऱ्यात जहाल रसायन जास्त बनतं.

यावरचा उतारा म्हणजे एन-ॲसिटाइल सिस्टीन, सिस्टीनचंच एक रूप. शिरेतून देण्याच्या जुन्या पद्धतीत २१ तासांत वजनाच्या दर किलोला एकूण ३०० मिलिग्रॅम देतात. पहिल्या ८ तासांत सुरू झालं तर गुण उत्तम. पहिला दिवस रुग्णाला फारसं काही जाणवतही नाही, आणि घात होतो तो तिथेच. गोळ्या जास्त गेल्याची शंका आली, तरी त्रास व्हायची वाट न पाहता रुग्णालय गाठा. प्रौढांसाठी दिवसाची कमाल ४ ग्रॅम, तीही सर्दीच्या मिश्र गोळ्यांमधलं पॅरासिटामॉल धरून. वजन कमी असेल किंवा यकृत दुखावलेलं असेल तर मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ती याहून कमी असते.

आता ताटाकडे येऊ. मेथिओनीन हे दुसरं गंधकयुक्त अमिनो आम्ल; शरीर त्यापासून सिस्टीन बनवतं. ते आणि सिस्टीन मिळून प्रौढाला दर किलोला रोज सुमारे १५ मिलिग्रॅम लागतात; ६० किलोच्या माणसाला ९०० मिलिग्रॅम. मोठ्या अंड्यात साधारण ३०० मिलिग्रॅम मिळतात. डाळींत ही गंधकयुक्त आम्लं कमी, धान्यांत त्यामानाने बरी, म्हणून दोन्ही खावीत. एकाच घासात हवीत असं नाही, दिवसभरात मिळाली तरी चालतं.

लसणातही सिस्टीनपासून बनलेलं ॲलिइन असतं. पाकळी ठेचली की लसणातलं एन्झाइम त्याचं ॲलिसिन हे उग्र वासाचं गंधकयुक्त रसायन करतं. अख्खी पाकळी तापल्या तेलात टाकली तर ते एन्झाइम आधीच मरतं, म्हणून ठेचून दहाएक मिनिटं ठेवावी आणि मग शिजवावी. अळंबीतलं अर्गोथायोनीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल मात्र शिजवूनही टिकतं, आणि ते पेशीत ओढून घेणारा खास वाहक आपल्या शरीरात आहे. तरी लसूण-अळंबीने यकृताचा आजार बरा होतो, असं मी म्हणणार नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो जुना सल्ला: यकृत बिघडलं, प्रथिनं बंद. सिरोसिसच्या, म्हणजे यकृतात व्रण साचून ते कडक झालेल्या रुग्णाला उलट दर किलोला रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, नाहीतर स्नायू झिजतात. यकृताच्या बिघाडामुळे भ्रम होत असेल, तरी डाळी आणि दूध सहसा मांसापेक्षा बरं सोसतं. प्रमाण डॉक्टर सांगतील. अशा रुग्णाने रात्रभर पोट रिकामं ठेवू नये, झोपण्यापूर्वी थोडं खाऊन घ्यावं.

नमस्कार.