तुमच्याकडे बायका नव्हत्याच का?

नमस्कार मंडळी. आतून मसालेभाताचा वास यायला लागलाय, तेव्हा मी आटोपतं घेतो. असं म्हणणारा वक्ता किती आटोपतो, ते तुम्ही जाणताच.

गेल्या महिन्यात नातीला शाळेसाठी वंशावळ काढायची होती. सूनबाई पोर्तो रिकोची, आजोळ आदहुंतास, बेटाच्या मधल्या डोंगरातलं कॉफीचं गाव. "आपली बाजू मी सांगतो, सात पिढ्या तोंडपाठ आहेत," मी ऐटीत म्हणालो आणि धडाधड सांगितल्या. तिनं सगळं लिहून घेतलं, कागद न्याहाळला आणि म्हणाली, "आबा, तुमच्याकडे बायका नव्हत्याच का?"

सूनबाईची बाजू मात्र भरगच्च. रात्री जेवणं उरकली की ती लॅपटॉपवर जुन्या नोंदवह्या उघडून बसायची. अक्षर असं, की मला आजोबांच्या मोडीतल्या कागदांची आठवण झाली. तिथं १८८५ पासून सरकारी जन्मनोंद आहे, त्याआधीचं चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत. सरकारी नोंदीत बाळाचे आईबाप तर असतातच, दोन्हीकडचे आजी-आजोबाही असतात. माणसाला आडनावं दोन, आधी बापाचं, मग आईचं, आणि लग्न झालं तरी बाईचं पुसत नाहीत. एका पानात तीन पिढ्या! १८९९ च्या ऑगस्टात सान सिरियाको वादळानं कॉफीचे मळे झोपवले, तेव्हा बेटावरची कितीतरी माणसं हवाईला उसाच्या कामावर गेली. तिच्या पणजोबांचा थोरला भाऊ तिथंच वहीतून नाहीसा होतो. तरी त्याची आई कोण, आईची आई कोण, सगळं सापडलं.

रिकाम्या जागा त्यांच्याकडेही आहेत. लग्नावाचून झालेल्या मुलाच्या नोंदीत नुसतं 'इहो नातुराल', बापाचा बहुतेकदा पत्ता नाही. १८७३ साली गुलामगिरी उठली, त्याआधीच्या गुलामांचं तर पुष्कळदा पहिलं नाव आणि मालकाचं नाव, बस्स. सूनबाई म्हणाली, "बाबा, आमच्याकडे बाप हरवतात, तुमच्याकडे आया."

हे ऐकून आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आधी माझं नाव काय होतं ते सांगा तिला." ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव मीच लिहिलं होतं, सगळ्या वऱ्हाडासमोर, मोठ्या कौतुकानं. मला जुनं नाव आठवायला थोडा वेळ लागला. तो थोडा वेळ मला दोन दिवस पुरला.

आणि हसताय काय? कुलवृत्तांत तुमच्याही कपाटात आहे. नाशिकच्या उपाध्यायांच्या वहीतली पणजोबांची सही तुम्हीही मोबाइलवर दाखवत फिरता. पणजीचं माहेर विचारलं की मात्र, "असेल कऱ्हाडकडची." महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं, मग वडिलांचं नाव लावायचं ठरलं. उत्तम झालं. माझ्या पणजीला ते जरा उशिरा लागू झालं, एवढंच.

नातीच्या कागदावर माझ्या पणजीचा चौकोन अजून कोरा आहे. सांगू शकेल अशी एकच व्यक्ती उरलीय, गावची आत्या, नव्वदीला टेकलेली. पहिल्यांदा फोन केला तेव्हा म्हणाली, "अरे, आजीला आम्ही आजीच म्हणायचो, नाव कोण घेणार?" म्हटलं, पुन्हा विचारू, आठवेल सावकाश.

परवा पुन्हा लावला. बराच वेळ माझं बोलणं ऐकून घेतलं आणि तिनंच मला विचारलं, "तू कोणाचा रे?"