सिपरसाठी तारीख

(दृश्य: नवी मुंबई, तळोजा मध्यवर्ती कारागृहाकडे जाणारा रस्ता)

२३ मार्च २०२०. देशभरच्या लॉकडाऊनची घोषणा व्हायला अजून एक दिवस होता. तुरुंगांतल्या कोविडच्या धोक्याची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती, आणि त्या दिवशी राज्यांना सांगितलं, उच्चाधिकार समित्या नेमा, कोणते कैदी जामिनावर किंवा पॅरोलवर सोडता येतील ते ठरवा. कारण उघड होतं. बराकीत अंतर ठेवायचं म्हणजे ठेवायचं कसं? मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची क्षमता ८०४, आणि आत अडीच हजारांहून जास्त माणसं. मे महिन्यात तिथे कोविड शिरला आणि बघता बघता शंभरावर कैदी बाधित झाले.

महाराष्ट्राच्या समितीने ११ मे रोजी ठरवलं, जवळपास निम्मे कैदी तात्पुरते सोडायचे. आकडा होता सुमारे सतरा हजारांचा. निर्णय चांगलाच होता. फक्त काही विशेष कायद्यांखालचे कैदी त्यातून वगळले गेले. मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा), मनी लाँडरिंग, अमली पदार्थ, आणि यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा. म्हणजे चाळणी लावली ती कलमाची. वय किती, आजार कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा. चोरीच्या गुन्ह्यातला पंचविशीचा धडधाकट पोरगा बाहेर जाऊ शकत होता. ऐंशीच्या घरातला कवी आत राहिला.

तो कवी म्हणजे वरवरा राव. एल्गार परिषद प्रकरणातले, यूएपीएखालचे आरोपी. २०१७च्या ३१ डिसेंबरला शनिवारवाड्यावर झालेली परिषद, दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला उसळलेला हिंसाचार, मग पुणे पोलिसांच्या अटका, आणि जानेवारी २०२० मध्ये एनआयएकडे, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे, गेलेला तपास. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. आरोप खरे की खोटे, हा न्यायालयाचा विषय. इथे बोलायचंय ते खटला उभा राहण्याआधीच्या वर्षांबद्दल. ज्यांच्यावर काहीच सिद्ध झालेलं नाही, अशा कच्च्या कैद्यांबद्दल.

जुलै २०२०. राव यांच्या घरी तळोजा तुरुंगातून फोन आला. ते असंबद्ध बोलत होते. कित्येक वर्षांपूर्वी वारलेल्या आईवडिलांच्या अंत्यविधीबद्दल, जणू तो आत्ताच चालू आहे. घरच्यांनी आरडाओरडा केला, बातम्या झाल्या, तेव्हा कुठे त्यांना जे. जे. रुग्णालयात हलवलं. १६ जुलैला कोविड निघाला. एनआयएने मात्र न्यायालयात म्हटलं की कोविडच्या आडून हे गैरफायदा घेऊ पाहतायत. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना वैद्यकीय कारणासाठी सहा महिन्यांचा जामीन दिला.

(दृश्य: शाळेचे रिकामे वर्ग, कोपऱ्यात रचलेले बाक)

तळोजात नवीन येणाऱ्या कैद्यांना आधी विलगीकरणात ठेवायचं होतं. त्यासाठी एक शाळा घेतली होती. मे २०२०च्या अखेरीस दिल्लीहून आणलेले, याच प्रकरणातले आरोपी गौतम नवलखा तिथे होते. त्यांनी बाहेर कळवलं ते असं: सहा वर्गखोल्यांत साडेतीनशे माणसं, आणि शौचालयं तीन. विलगीकरण ते याला म्हणायचं!

याच नवलखांचा चष्मा नोव्हेंबरमध्ये तुरुंगात चोरीला गेला. चष्म्याशिवाय त्यांना जवळजवळ दिसत नाही. घरच्यांनी नवा पोस्टाने पाठवला, तो तुरुंगाने परत केला. शेवटी उच्च न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली. तुरुंग अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्यायला हवी, असंही न्यायमूर्ती म्हणाले. एका चष्म्यासाठी उच्च न्यायालय!

आणि सिपर.

फादर स्टॅन स्वामी. झारखंडमध्ये आदिवासींच्या जमिनीच्या हक्कांसाठी आयुष्य घालवलेले जेझुइट पाद्री. ऑक्टोबर २०२० मध्ये, महासाथ ऐन भरात असताना, एनआयएने त्यांना याच प्रकरणात रांचीहून उचललं. वय ८३. पार्किन्सन्स. हात इतके थरथरायचे की पेला ओठांपर्यंत पोचायच्या आत पाणी सांडायचं. म्हणून ते स्ट्रॉ आणि सिपर, म्हणजे न सांडता पिता येणारा झाकणाचा पेला, वापरत. नोव्हेंबरमध्ये त्यांनी विशेष न्यायालयात अर्ज केला: अटकेच्या वेळी घेतलेलं माझं सिपर परत द्या. एनआयएने उत्तराला वीस दिवस मागितले. वीस दिवसांनी उत्तर आलं, आमच्याकडे नाही. मधल्या काळात देशभरातून लोकांनी तळोजाच्या पत्त्यावर सिपरची पार्सलं पाठवायला सुरुवात केली होती. महिनाअखेरीस तुरुंगाकडून सांगण्यात आलं की सिपर दिलंय.

तोवर काय चाललं होतं? ते खुद्द स्वामींनीच पत्रातून कळवलं. नाश्ता आणि जेवण भरवायला अरुण फरेरा. आंघोळ घालायला व्हर्नन गोन्साल्विस. कपडे धुवायला, गुडघे चोळायला कोठडीतले दुसरे दोघं. सरकारने जी काळजी घ्यायची, ती सहआरोपी घेत होते.

दुसऱ्या लाटेत तर कहर झाला. हजारो कैद्यांच्या या तुरुंगात तीन डॉक्टर, तेही आयुर्वेदाचे, असं न्यायालयात सांगितलं गेलं. मे २०२१ मध्ये याच प्रकरणातले आरोपी, दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक हनी बाबू यांच्या डोळ्याला जबर संसर्ग झाला. डोळा धुवायला पुरेसं स्वच्छ पाणी मिळत नाही, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. त्यांनाही कोविड निघाला. स्वतःच्या खर्चाने खासगी रुग्णालयात जायची परवानगी मिळाली ती उच्च न्यायालयातूनच.

(दृश्य: मुंबई उच्च न्यायालयाची इमारत, पावसाळी आभाळ)

२१ मे २०२१. स्टॅन स्वामी व्हिडिओ कॉन्फरन्सवरून उच्च न्यायालयासमोर आले. ऐकायला नीट येत नव्हतं, दुसऱ्या कुणीतरी प्रश्न पुन्हा सांगावा लागत होता. ते म्हणाले, आठ महिन्यांपूर्वी आलो तेव्हा शरीर चालत होतं, मी आंघोळ करू शकत होतो, फिरू शकत होतो, थोडंफार लिहूही शकत होतो. एकेक करून सगळं जातंय. न्यायालयाने विचारलं, जे. जे.मध्ये जाणार का? नको, म्हणाले. तिथे जाऊन आलोय. तसंच चालणार असेल तर इथेच मेलेलं बरं. त्यांना हवा होता अंतरिम जामीन आणि रांचीतली आपली माणसं.

आठवड्याने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवायला न्यायालयाने परवानगी दिली. तिथे दाखल झाल्यावर चाचणीत कोविड निघाला. ५ जुलैला जामीन अर्जाची सुनावणी होती. सुनावणी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी न्यायमूर्तींना सांगितलं, दुपारी दीडच्या सुमारास ते गेले.

१८९७ मध्ये, प्लेगच्या धामधुमीत, टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची सक्तमजुरी झाली होती. त्यांची सुटका व्हावी म्हणून मॅक्स म्यूलरसारख्यांनी अर्ज केला, आणि ब्रिटिशांनी त्यांना मुदतीआधी सोडलंही. तुलना ताणायची नाही. पण मुदतीआधी सोडण्याचा विचार परक्या सरकारलाही करता येत होता, एवढं नोंदवून पुढे जाऊ.

तळोजातली ही नावं आपल्यापर्यंत पोचली, कारण त्यांच्यामागे वकील होते, इंग्रजी वर्तमानपत्रं होती, कोर्टाच्या पायऱ्या चढणारी घरची माणसं होती. इकडे नागपूरच्या तुरुंगात, माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपाखाली शिक्षा झालेल्या, व्हीलचेअरवरच्या प्रा. जी. एन. साईबाबांना कर्करोगाने आजारी असलेल्या आईला भेटायला पॅरोल नाकारला गेला. ऑगस्ट २०२०मध्ये त्या वारल्या. पुढच्या वर्षी साईबाबांनाही आत कोविड झाला. त्यांच्याच खटल्यात गडचिरोलीचे आदिवासी पांडू नरोटे होते. त्यांच्याबद्दल फार कुणी लिहिलं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये, जन्मठेप भोगत असताना, तापाने आजारी पडून नागपूरच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. स्वाइन फ्लू होता, आणि उपचार उशिरा मिळाले, असं वकिलांचं म्हणणं. ५ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या खटल्यातल्या सगळ्यांची शिक्षा रद्द केली. नरोटे यांचीही.