त्यानं गोळी चुकवली नव्हती

शरीरानं बसवलेली किडनी नाकारू नये म्हणून दिलं जाणारं टॅक्रोलिमस म्हणजे काय, हे प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनी भरलेल्या या सभागृहात सांगायला नको. तेव्हा थेट एका वाक्यावर येतो. आपल्या फाइलींमध्ये ते सर्रास आढळतं: 'रुग्ण गोळ्या नियमित घेत नाही.' मी ते एकदा लिहिलं, आणि ते खोटं होतं.

मी शिकत होतो तेव्हाची गोष्ट. पंचविशीतला मुलगा, किडनी आईनं दिलेली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पाचव्या दिवशी टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी आली ३. आम्हाला हवी होती ८ ते १२ नॅनोग्रॅम. डोस वाढवला, तर ४. तो घरी गेला, आठवड्यानं तपासणीला आला, तरी साडेचारच. मी विचारलं, "गोळ्या घेतोस ना?" तो म्हणाला, "घेतो." शेजारी बसलेली आई म्हणाली, "माझ्यासमोर घेतो हो, डॉक्टर." तरी मी ते वाक्य लिहिलं. पुढच्या खेपेला त्यानं पिशवीतून रिकाम्या स्ट्रिपा काढून टेबलावर मांडल्या. प्रत्येक खाचेवर पेनानं तारीख आणि वेळ. ते पाहूनही मी वाक्य खोडलं नाही.

मग किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन चढलं, बायोप्सीत रिजेक्शन निघालं, म्हणजे शरीर किडनी नाकारू लागलं होतं, स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यावी लागली. किडनी वाचली, क्रिएटिनिन मात्र पूर्वीच्या आकड्यावर कधीच आलं नाही.

आणि वॉर्डात असताना त्याला गोळ्या सिस्टर स्वतःच्या हातानं देत होत्या! पातळी तेव्हाही कमीच होती. तो रिपोर्ट त्याच फाइलीत, दोन पानं मागे लावलेला होता. कुणीही पान उलटलं नाही. हे औषध शरीरात किती वेगानं मोडतं ते ठरवणाऱ्या जनुकाची तपासणी पुष्कळ वर्षांनी झाली. रिपोर्ट वाचून त्यानं एवढंच विचारलं, "ते वाक्य आता काढता येईल का?"

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे आणि जाहीर केलेला विषय, म्हणजे जनुक पाहून औषधाचा डोस ठरवणं, अजून व्हायचाच आहे. तेव्हा भराभर सांगतो.

टॅक्रोलिमस १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबा परिसराच्या मातीतल्या जिवाणूत सापडलं. नावातला 'ट' तिथलाच. शरीरात ते मोडण्याचं काम सीवायपी३ए४ आणि सीवायपी३ए५ ही विकरं, म्हणजे एन्झाइम, करतात, यकृतात आणि आतड्याच्या अस्तरातही. यातल्या दुसऱ्या विकराच्या जनुकात एका जागी 'ए'ऐवजी 'जी' हे डीएनएचं अक्षर आलं की संदेश चुकीचा कापला जातो आणि विकर जवळजवळ बनतच नाही. यूरोपीय वंशाच्या बहुतेकांमध्ये या जनुकाच्या, आई-वडिलांकडून एकेक आलेल्या, दोन्ही प्रती अशाच बंद असतात. आफ्रिकी वंशाच्या बहुतेकांची निदान एक प्रत चालू असते. एक जरी चालू असली, तरी औषध रक्तात पोचण्याआधीच बरंचसं मोडलं जातं. म्हणजे विकर धडधाकट असणाऱ्यालाच आपला नेहमीचा डोस अपुरा पडतो. त्या मुलाची एक प्रत चालू होती.

अशा रुग्णाला सुरुवातीचा डोस दीड ते दोनपट द्यावा, पण दिवसाला किलोमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, अशी २०१५ची मार्गदर्शक सूचना आहे. २०१०च्या फ्रेंच चाचणीत जनुक पाहून डोस ठरवलेल्यांपैकी ४३ टक्के रुग्ण लवकर हव्या त्या पातळीत आले, इतरांपैकी २९ टक्के. रिजेक्शन मात्र त्यानं कमी झालं नाही, हेही सांगायलाच हवं. पातळी मोजणं सुटत नाही. जुलाब, बुरशीवरचं फ्लुकोनाझोल, क्षयावरचं रिफाम्पिसिन यांनी ती हलतेच, आणि जास्त झाली तर हेच औषध किडनीला इजा करतं.

रिजेक्शन रोखणारं दुसरं औषध अ‍ॅझाथायोप्रिन, त्याबद्दल एकच वाक्य: टीपीएमटी आणि आशियाई रुग्णांत विशेषतः एनयूडीटी१५ ही जनुकं सुरुवातीलाच पाहा, कारण तिथे दोष असला तर नेहमीच्या डोसनंही पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होतात.

याच कामाचं तिसरं औषध, मायकोफेनोलेट, राहिलं. त्याबद्दल कुणाला विचारायचं असेल तर मी बाहेर थांबतो. आणि त्या मुलाच्या फाइलीतलं ते वाक्य मी खोडलं आहे, खाली सही आणि तारीख घालून.