"भावोजी, हा भंगारात देऊ का?"

(पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

गेल्या दिवाळीत माझा मेव्हणा घरी आला, तो खांद्यावरची लॅपटॉपची बॅग न उतरवताच म्हणाला, "भावोजी, हा आता भंगारात देऊ का?" मेव्हणा नारायण पेठेत कर सल्लागार आहे. सात-आठ हाउसिंग सोसायट्यांचे हिशेब आणि काही दुकानदारांचं जीएसटी, असा त्याचा पसारा. लॅपटॉप २०१४ सालचा. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट बंद झाले, आणि विंडोज ११ला इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप. म्हणजे यंत्र धडधाकट, पण दारातूनच परत. मी म्हटलं, थांब, मी बघतो. आज जे सांगणार आहे ते बरंचसं त्या "मी बघतो" नंतर माझी जी फजिती झाली, त्यातून आलेलं आहे.

मला लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, वापरून पंचवीसेक वर्षं झाली. अशा माणसाला एक खोड असते, सगळ्यात हलकं काय ते शोधायची. मी अँटीएक्स नावाचं लिनक्स घातलं. चांगली प्रणाली आहे हो, डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे, फार जुन्या यंत्रांवर चालते. सुरू झाल्यावर रॅम इतकी कमी खाल्ली की मी फोटो काढून मित्रांना पाठवला. चौथ्या दिवशी मेव्हण्याचा फोन. ऑफिसमधल्या ताईंना वायफाय कुठून जोडायचं ते सापडत नव्हतं, आवाज कमी करायचं बटण कुठे ते कळत नव्हतं, आणि प्रिंटर तर मेलाच होता. "भावोजी, हलकं आहे हे कबूल. पण काम जड झालं." मी निमूट लॅपटॉप परत आणला.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. त्याला समोर बसवून विचारलं, आठवडाभर तू यावर नेमकं काय करतोस? आणि लॅपटॉप हळू आहे म्हणजे नक्की काय होतं? तो म्हणाला, चालू व्हायला पाच मिनिटं लागतात, एक्सेलची फाइल उघडेपर्यंत चहा होतो, आणि क्रोममध्ये चार टॅब झाले की सगळं गोठतं.

बिरबलाची गोष्ट आठवत असेल. घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? तिन्हींना एकच उत्तर, न फिरवल्यामुळे. इथेही तीन तक्रारींना उत्तर एकच, फक्त उलटं. फिरवल्यामुळे! जुनी हार्ड डिस्क म्हणजे फिरती तबकडी. तिच्यावर एक सुई इकडून तिकडे धावत असते, आणि इकडची-तिकडची बारीक माहिती एकदम मागितली की यंत्राचा जीव त्या धावपळीत जातो. रॅम संपली की उरलेलं सामान त्याच तबकडीवर टाकलं जातं, म्हणून चार टॅबांत गोठतं. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम निवडण्याआधी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एक चक्कर मारा आणि अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, आणा. २५० जीबीच्या आसपासची पुष्कळ झाली. सोबत रॅम वाढवा. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला डीडीआर-थ्री-एल लागते, त्यातला शेवटचा एल महत्त्वाचा. कमी व्होल्टेजची असते ती. दुकानदार "चालून जाईल" म्हणाला तरी साधी डीडीआर-थ्री घेऊ नका. भाव मी सांगत नाही, आठवड्याला बदलतो.

आता मुख्य प्रश्न, कुठलं लिनक्स? लोक नावांची यादी मागतात. यादी शेकड्यांत आहे, त्यात शिरलात तर दिवाळीची पुढची दिवाळी होईल. एक भेद लक्षात ठेवा. लिनक्स हा खरं तर गाभा, लायनस टॉर्व्हाल्ड्सनं १९९१मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिहायला घेतलेला. तो सगळीकडे तोच. आपल्याला दिसतो तो त्यावरचा डेस्कटॉप, म्हणजे मेन्यू आणि खिडक्यांचा पडदा, आणि जड-हलकं बरंचसं तिथे ठरतं. नोम आणि केडीई हे भरजरी, एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी साधे. पण साध्या-साध्यांमधला फरक दोन-तीनशे एमबीचा असतो, आणि बँकेच्या किंवा मेलच्या एकाच टॅबनं तेवढी रॅम खाल्लेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्या दोन-तीनशे एमबीसाठी माणसाला नवी घडी बसवायला लावायची की टॅब कमी उघडायची सवय लावायची, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी ठरवलंय. फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन घातलं की जुना लॅपटॉप जेवढा सुटा होतो, तेवढा डेस्कटॉप बदलून होत नाही.

मेव्हण्याच्या लॅपटॉपवर शेवटी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बसली. खाली डावीकडे मेन्यू, उजवीकडे घड्याळ आणि वायफाय, ताईंना काही विचारावं लागलं नाही. दुसरं कारण मुदत. कामाच्या लॅपटॉपला हे फार महत्त्वाचं, आणि हलक्याच्या मागे लागलेले लोक नेमकं हेच विसरतात. मिंट २२ला २०२९पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. लुबुंटू एलएक्सक्यूटीवर चालतं, जरा अधिक हलकं, मला आवडतं, पण त्याची २४.०४ आवृत्ती एप्रिल २०२७पर्यंतच, कारण उबुंटू घराण्यातल्या धाकट्या भावंडांना तीनच वर्षं मिळतात. थोडं स्वतः निस्तरायची तयारी असेल तर सरळ डेबियन १३ घ्या. ऑगस्ट २०२५मध्ये आलं, आणि दीर्घकालीन आधार धरला तर पाच वर्षं निघतात.

(श्रोत्यांमधून प्रश्न : माझा लॅपटॉप जुन्या बत्तीस बिटच्या प्रोसेसरचा आहे, त्याचं काय?)

कशावरून बत्तीस बिटचा? विंडोज ७च्या माहितीत तसं लिहिलं होतं म्हणून? बघा, ते विंडोज बत्तीस बिटचं होतं. कोअर टू ड्युओपासून पुढचे बहुतेक प्रोसेसर चौसष्ट बिटचेच आहेत, दुकानदारानं आत बत्तीसचं विंडोज भरलं होतं एवढंच. तरी खात्री करा. खरंच बत्तीसचा निघाला तर डेबियन १३नं त्याचा इन्स्टॉलरच बंद केला आहे. तिथे मात्र अँटीएक्स. माझी फजिती झाली म्हणून ते वाईट ठरत नाही.

(प्रश्न : आपल्या पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचं बॉस नावाचं लिनक्स का नाही?)

हा प्रश्न पुण्यात येणारच. सीडॅकचं मुख्यालय पुण्यात, पण बॉस तयार केलं त्यांच्या चेन्नईच्या केंद्रानं, आणि तेही डेबियनवरच बांधलेलं आहे. भारतीय भाषांची सोय आधीपासून करून दिलेली असते. माझं मत असं की विहीर शेजारी असेल तर रांजणातलं कशाला प्यायचं? डेबियनच घ्या. पण सरकारी कार्यालयात तेच बसवलेलं असेल तर बदलायला जाऊ नका.

आता मराठी. इथे मला जास्त वेळ घ्यायचाय, कारण अडकतात ते इथे. मराठी दाखवायचा प्रश्न कधीच मिटला, टाइप करायचाही. कीबोर्डच्या यादीत इनस्क्रिप्ट आहे, आणि रोमनमध्ये लिहून देवनागरी हवी असेल तर आयबस नावाचा प्रोग्रॅम घ्या. "ऱ्य" नीट उमटतो. लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या वर्ड-एक्सेलमध्ये, मजकुराची भाषा मराठी ठेवली तर काही फॉन्टांत आपल्या वळणाचे ल आणि श आपोआप येतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला उगाचच आनंद झाला होता. अडचण आहे ती जुन्या फाइलींची. मेव्हण्याकडे पंधरा वर्षांच्या सोसायट्यांच्या सभांच्या नोटिसा आणि इतिवृत्तं श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टात आहेत. ती युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीची, नाहीत. फाइलमध्ये असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, वर मराठीचा मुखवटा. फॉन्ट काढला की मुखवटा गळतो आणि "सर्वसाधारण सभा" ऐवजी कंस-स्वल्पविरामांची भेळ दिसते. विंडोजवरून हलण्याआधी, पुन्हा सांगतो, आधी, त्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि प्रत्येकीची पीडीएफही काढून ठेवा. रूपांतरात जोडाक्षरं कुठे कुठे मोडतात, तपासायला मूळ काहीतरी हवं. आम्ही दोघं तीन रविवार हेच करत होतो.

टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायच्या वाइन वगैरे खटपटी आहेत, पण लोकांचे हिशेब खटपटीवर ठेवू नयेत. मेव्हण्याच्या ऑफिसात एक विंडोजचा डेस्कटॉप संगणक आहेच, टॅली तिथे. लॅपटॉपवरून रेमिना नावाच्या प्रोग्रॅमनं त्या डेस्कटॉपचा पडदा उघडतो. डेस्कटॉपवर विंडोजची प्रो आवृत्ती हवी, होममध्ये ही सोय नाही. डिजिटल सहीच्या टोकनचं लिनक्स ड्रायव्हर त्याच्या कंपनीकडे आहे का ते आधी पाहा. प्रिंटरचंही तसंच. एचपीचे बहुतेक एचपीलिप नावाच्या ड्रायव्हरवर निमूट चालतात. पण दर दुसऱ्या ऑफिसात दिसणारा एक छोटा लेझर प्रिंटर आहे, नाव घेत नाही, त्यानं माझे दोन शनिवार खाल्ले. शेवटी तोही आम्ही त्या डेस्कटॉपलाच जोडला.

हे सगळं डिस्क न पुसता तपासता येतं. पेनड्राइव्हवर मिंट चढवा, त्यावरूनच लॅपटॉप चालू करा, आणि वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रोजेक्टर बघून घ्या. एक गोष्ट लोक हटकून विसरतात. झाकण बंद करा, दहा मिनिटांनी उघडा. जागा होतो का? पेनड्राइव्हवरून थोडं रेंगाळत चालेल, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. आणि जीएसटीवाल्यांनो, महिन्याच्या अकरा आणि वीस तारखेच्या, म्हणजे विवरणपत्रांच्या मुदतीच्या, आसपास हा उद्योग काढायचा नाही.

बसवताना डिस्क एन्क्रिप्ट करायची चौकट येते, तिथे खूण करा. मेव्हण्याच्या लॅपटॉपमध्ये लोकांचे पॅन आहेत, आधारच्या प्रती आहेत. बॅग रिक्षात राहिली तर? पासवर्ड मात्र कागदावर लिहून कपाटात ठेवा, विसरलात तर मीही काही करू शकत नाही. काढलेली जुनी हार्ड डिस्क टाकू नका. यूएसबीचं केसिंग मिळतं, त्यात घालून बॅकअपला वापरा. तिथे ती हळू असली तरी कुणाची तक्रार नसते.

(प्रश्न : अडलो तर विचारायचं कुणाला?)

पुणे लिनक्स यूजर्स ग्रुप आहे, त्यांना विचारा. आणि मी दर शनिवारी संध्याकाळी इथे खाली वर्तमानपत्रांच्या टेबलाशी असतो. आज सहा पेनड्राइव्ह तयार करून आणलेत, मिंट आहे त्यांच्यात. वहीत नाव लिहून घेऊन जा, पुढच्या शनिवारी परत आणा. मागच्या खेपेचे दोन अजून यायचे आहेत, आणि ती वही माझ्याकडेच आहे.