दोन चाकांमधली फट

[दृश्य : अंधार. फक्त आवाज. मोटारी सुरू होतात, आवाज चढतो, मग ढेपाळतो.]

आधी हा आवाज ऐका. चार पेन्सिल सेलवर चालणाऱ्या दोन छोट्या मोटारींचा हा आवाज आहे. बोट दाबल्यावर तो चढायला लागतो, पण शिखरावर पोचायच्या आतच दमतो. एक डार्ट उडाला की आणखी खाली बसतो.

माझ्या वडिलांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. पंपाच्या, पंख्याच्या, मिक्सरच्या मोटारी त्यांच्या हातांखालून गेल्या. आता वय झालंय, नजर अधू झालीय, कान मात्र तसेच आहेत. माझी भाची हॉलमध्ये तिची फोमच्या डार्टची बंदूक चालवत होती, आणि बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, "अगं, त्या मोटारीला खायला मिळत नाहीये."

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी या वाक्यापासून पुढचे चार रविवार हेच काम चाललं.

[दृश्य : टेबल. पुठ्ठ्यावर पेनाने काढलेली ब्लास्टरची, म्हणजे त्या फोमच्या बंदुकीची, आकृती, तिच्यात टोचलेले स्क्रू.]

भाची नववीत आहे. स्क्रू काढायच्या आधी तिने पुठ्ठ्यावर ब्लास्टरची बाह्याकृती काढली, आणि जो स्क्रू ज्या भोकातून निघाला तो पुठ्ठ्यावर त्याच जागी टोचून ठेवला. सगळे स्क्रू सारखे दिसतात, पण काही आखूड असतात. आखूडाच्या जागी लांब गेला की पलीकडच्या प्लॅस्टिकला तडा जातो. मी घाईने कवच उघडायला लागलो तर तिने माझा हात धरला. "मामा, थांब. स्प्रिंग उडेल." स्प्रिंग उडालीच नाही, कारण तिने आधीच बोट ठेवलं होतं.

हे मॉडेल नर्फ या खेळण्यांच्या अमेरिकी ब्रँडचं स्ट्राइफ. २०१३ साली बाजारात आलं, आणि आतून बदल करणाऱ्या जगभरच्या लोकांचं आवडतं झालं. कारण साधं आहे. आत जागा आहे, आणि रचना एका नजरेत कळते.

[दृश्य : उघडलेलं कवच, जवळून. दोन काळी चाकं, त्यांच्यामधली फट.]

या फटीकडे बघा. शेजारी शेजारी दोन चाकं, प्रत्येकाला स्वतःची मोटार, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट फिरतात. रसवंतीत ऊस चरकाच्या तोंडाशी धरला की पुढचं काम रूळच करतात, तसंच इथे होतं. क्रिकेटच्या नेटमधलं बोलिंग मशीनही याच तत्त्वावर चेंडू फेकतं. डार्टची जाडी साधारण पावणेतेरा मिलिमीटर, आणि चाकांमधली फट त्याहून कमी. एका चापाने चाकं फिरू लागतात, दुसऱ्या चापाने एक दांडा डार्टला मागून फटीत ढकलतो. फोम दबतो, चाकांना घट्ट चिकटतो, आणि चाकांच्या कडेचा वेग जवळपास तेवढाच डार्टला मिळतो.

जवळपास, कारण फोम थोडा घसरतोच.

हिशेब भाचीनेच वहीत मांडला. चाकाचा व्यास साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे परीघ अकरा. मिनिटाला २०,००० फेरे धरले, म्हणजे सेकंदाला ३३३. अकरा गुणिले ३३३, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेछत्तीस मीटर. आपली मूळ बंदूक मात्र डार्ट फेकते सेकंदाला एकवीस मीटरच्या आसपास. म्हणजे चाकं तेवढी फिरतच नाहीत. का फिरत नाहीत, ते बाबांना आतल्या खोलीतूनच कळलं होतं.

नर्फचं मूळ मात्र बंदुकीत नाही. १९६९-७० च्या सुमारास अमेरिकेत रेन गायर यांच्या कल्पनेतून फोमचा एक चेंडू बाजारात आला. घरात फेकला तरी काच फुटू नये, एवढाच त्याचा हेतू होता. डार्ट आले ते पुढे नव्वदच्या दशकात. पण 'लागू नये' ही अट पहिल्या दिवसापासून या खेळण्यात आहे, आणि आतलं काहीही बदलताना ती आपल्यालाच सांभाळावी लागते.

[दृश्य : मल्टिमीटरच्या पिना सेलच्या टोकांवर. आजोबांचे हात.]

आता खाण्याची गोष्ट. अल्कलाइन पेन्सिल सेल दीड व्होल्टचा. चार मिळून सहा. पण हे सहा व्होल्ट सेल स्वस्थ बसलेला असतानाचे. प्रत्येक सेलच्या पोटात त्याचा स्वतःचा रोध असतो, नवा असताना ०.१५ ते ०.३ ओहम. चार सेल ओळीने जोडले की हा रोध एक ओहमच्या घरात जातो. तीन अँपिअर ओढले तर सहातले जवळपास तीन व्होल्ट सेलच्या पोटातच संपतात, मोटारीपर्यंत पोचतच नाहीत. बाबांनी पिना लावून ठेवल्या आणि भाचीला बोट दाबायला सांगितलं. मीटरवरचा आकडा धाडकन खाली आला. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होती. शाळेत रोध शिकली आहे, पण त्याच्यामुळे व्होल्ट असे पडताना तिने पहिल्यांदा पाहिले.

ज्याला आत काहीच उघडायचं नाही, त्याने निदान चार्ज होणारे निकेलचे पेन्सिल सेल वापरावेत. ते १.२ व्होल्टचेच असतात, पण त्यांचा अंतर्गत रोध अल्कलाइनच्या मानाने फारच कमी असतो. कागदावर कमी व्होल्ट, चालवताना जास्त जोर.

आम्हाला मात्र आत जायचं होतं.

मूळ मोटारी '१३०' मापाच्या आहेत. १५ मिलिमीटर रुंद, २० उंच, २५ लांब, दांडा २ मिलिमीटर. हे माप जपानच्या माबुची कंपनीच्या मोटारीवरून रूढ झालं, आणि चावीच्या नव्हे तर सेलच्या खेळण्यांमधून ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. बाहेरून हेच माप, पण आत जाड तार, जोरदार चुंबक आणि कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) असलेल्या मोटारी मिळतात. तशा दोन ऑनलाइन मागवल्या, आणि सेलच्या जागी दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी घेतली, ७.४ व्होल्टची.

[दृश्य : काळा पडलेला स्विच, नखाच्या टोकावर.]

आणि इथे माझ्या हातून चूक झाली. मोटारी बदलल्या, बॅटरी बदलली, आणि तारा व स्विच तेच ठेवले. 'बघू तरी चालतंय का' म्हणून बोट दाबलं. चाललं, फार सुंदर चाललं. तिसऱ्यांदा दाबून बोट सोडलं, तर मोटारी थांबेचनात. चाप सुटलेला, चाकं पूर्ण वेगात, आणि हॉलमध्ये जळक्या प्लॅस्टिकचा वास. बाबा आतून ओरडले, "बॅटरी काढ आधी!" ती ओढून काढली तेव्हा तारेचं वेष्टण मऊ होऊन बोटाला चिकटलं.

हा तोच स्विच. आतले दोन पत्रे एकमेकांना वितळून चिकटलेत.

का, ते सांगतो. थांबलेली मोटार सुरू होते त्या क्षणी फक्त तिच्या तारेचा रोध आडवा असतो. तो ०.६ ओहम धरला तर ७.४ व्होल्टला बारा अँपिअर होतात. दोन मोटारी समांतर, म्हणजे जवळपास पंचवीस. चाकं फिरायला लागली की मोटार स्वतःच विजेचा उलटा दाब तयार करते आणि करंट भराभर उतरतो. पण सुरुवातीचा तो झटका प्रत्येक वेळी सगळ्या वाटेवरून जातो. बॅटरी, जोड, तार, स्विच, सोल्डरिंगचे डाग. यातली एक जागा मोठी केली की पुढची अरुंद जागा जळते. लक्ष्मी रोडवर सणाच्या दिवसांत जे होतं तेच. एक चौक मोकळा केला की गर्दी पुढच्या चौकात.

मूळ जोडणीत एक चिमुकला भागही असतो, गरम झाला की स्वतःचा रोध वाढवून करंट दाबणारा. बदल करणारे तो काढून टाकतात, आम्हीही काढला. पण त्या जागी बाबांनी गाडीत असतो तसा पात्याचा फ्यूज लावायला लावला. याबाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे. राखणदार काढायचा असेल तर दुसरा नेमूनच काढावा.

[दृश्य : बुधवार पेठ, तपकीर गल्ली. डोक्यावर तारांची भेंडोळी, अरुंद रस्ता.]

दगडूशेठ गणपतीपासून चालत पाच-दहा मिनिटांवर ही तपकीर गल्ली. नाव तपकिरीचं, धंदा विजेच्या सामानाचा. पुण्यात इंजिनीअरिंगला असलेल्या पोरांचा प्रोजेक्ट या गल्लीला पाय लावल्याशिवाय पुरा होत नाही. २०१४ ची आशिया-पॅसिफिक रोबोकॉन ही रोबोंची स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाली होती, आणि रोबो करणारी मुलं तारा-स्विचसाठी आजही अशाच काउंटरवर उभी दिसतात.

परदेशी व्हिडिओंत तारेच्या जाडीला 'अठरा गेज' म्हणतात. भाचीने तसंच विचारलं, तर काउंटरवरचे काका म्हणाले, "बेटा, एमएममध्ये सांग." अठरा गेज म्हणजे ०.८२ चौरस मिलिमीटर. जवळचं माप ०.७५, दुकानाच्या भाषेत पाऊण एमएम. त्यांनी तार हातात दिली, वाकवून दाखवली. आत जितके बारीक धागे जास्त तितकी ती मऊ, आणि कवचाच्या खाचांत बसायची तर मऊच हवी. स्विचसाठी त्यांनी विचारलं, "कशाला पाहिजे?" खरं सांगितलं. त्यांनी मायक्रोवेव्हच्या दारात असतो तो मायक्रोस्विच काढून दिला. अंगावर कोरलेलं, १६ अँपिअर. काकांनी तो कानाशी धरून दोनदा टिकटिकवला, मगच पुडीत बांधला.

[दृश्य : सोल्डरिंग, अगदी जवळून. धूर.]

आता डाग. मोटारीच्या टोकाला आधी पॉलिश पेपरचे दोन हात, मग फ्लक्सचा, म्हणजे कथील नीट पसरवणाऱ्या पेस्टचा, ठिपका. तारेला आणि टोकाला कथील वेगवेगळं चढवायचं, आणि मग दोन्ही एकत्र टेकवून दोन-तीन सेकंदांत काम संपवायचं. जास्त वेळ धरलं तर मोटारीच्या मागचं प्लॅस्टिक मऊ पडतं आणि ब्रश जागचे हलतात. भाचीचा पहिला डाग गोळा होऊन बसला, फिकट, खरखरीत. बाबांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "कच्चा आहे, परत." दुसरा पसरला, चकाकला. त्यांनी त्यावरूनही बोट फिरवलं, आणि काही न बोलता पुढची तार तिच्या हातात दिली.

एका मोटारीला लाल तार इकडे, दुसरीला तिकडे, तरच चाकं उलटसुलट फिरतात. कवच बंद करण्याआधी कागदाची पट्टी मागून फटीत धरून बघायची. पट्टी पुढे गेली तर बरोबर. आमची मागे आली, हातातून निसटून टेबलावर. दोन्ही मोटारींच्या तारा अदलाबदल केल्या.

बॅटरीबद्दल मी थोडा कडक बोलणार आहे. लिथियम पॉलिमरचा सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करायचा नाही, ३ च्या खाली उतरू द्यायचा नाही. चार्जर दोन्ही सेल समान भरणारा, म्हणजे बॅलन्स चार्जरच हवा. चार्जिंग चालू असताना घराबाहेर पडायचं नाही, झोपायचं नाही. बॅटरी फुगली, तिला भोक पडलं, तर तिचं काम संपलं. ती आग धरू शकते. ती ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही, ई-कचऱ्यात जाते. आमच्या घरी बॅटरी फक्त मोठ्या माणसाने लावायची, असं ठरलंय, आणि भाचीने ते मान्य केलंय.

[दृश्य : गच्ची. भिंतीवर खडूने दहा-दहा सेंटिमीटरच्या रेघा. डार्ट संथ गतीत जातो.]

वेग मोजायला यंत्र नव्हतं, तर कॅमेरा कामी आला. फोन सेकंदाला २४० चित्रं टिपतो. डार्टची लांबी ७.२ सेंटिमीटर. बदल करण्याआधीच्या चित्रणात तो दर फ्रेमला स्वतःच्या लांबीपेक्षा जरासाच जास्त सरकतो, पावणेनऊ सेंटिमीटर. आता बघा. एक फ्रेम, आणि तो जवळपास दोन डार्ट पुढे. सेकंदाला साडेचौतीस मीटर.

आणि दुसरा डार्ट पाहा, कारण मला खरा आनंद त्याचा आहे. आधी पहिल्या डार्टने चाकांचा दम काढला की दुसरा जवळ पडायचा. आता तो पहिल्याच्या मागोमाग, त्याच रेघेवर.

पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. एक ग्रॅमचा डार्ट एकवीस मीटरला ०.२२ ज्यूल घेऊन जात होता, आता ०.६. पावणेतीन पट. म्हणून गच्चीवर चश्म्याशिवाय कोणी पाऊल ठेवत नाही, बघायला येणारेसुद्धा. सोसायटीतली लहान मुलं खेळायला आली की ही बंदूक कपाटात जाते आणि सेलवरच्या जुन्या बाहेर निघतात. आणि तिचे भडक रंग आम्ही तसेच ठेवलेत. काळ्या रंगात ती रस्त्यावरच्या माणसाला खरी वाटू शकते.

[दृश्य : रात्र. टेबलावर दिवा. काढलेली जुनी मोटार.]

जुन्या दोन मोटारी उरल्या. बाबांनी एकीच्या पत्र्याचे कान पक्कडीने सरळ केले आणि मागचं झाकण उचललं. आत तीन दातांचा गाभा, प्रत्येक दातावर केसासारखी तांब्याची तार. ते भिंगातूनही त्यांना नीट दिसत नाही. त्यांनी तारेचं टोक नखाने सोडवलं आणि भाचीच्या चिमटीत दिलं.

"मोज," म्हणाले. "एका दातावर किती वेढे आहेत ते मला सांग."

[फक्त आवाज : मोजण्याचा. चौदा, पंधरा, सोळा, सतरा…]